खुलासा : ‘फुफ्फुसाच्या कॅन्सरवर एक गोळी पुरे’

‘रोज एक गोळी घ्या, केमो नको’ हा मेसेज अर्धवट आहे. त्यातली गोळी म्हणजे ओसिमर्टिनिब (नेहमीचा डोस रोज ८० मिलिग्रॅम). ती गाठीत ईजीएफआर जनुकाचा ठरावीक बदल सापडला तरच उपयोगी. एएलके या दुसऱ्या जनुकातल्या बदलावर गोळ्या वेगळ्या. म्हणून बायोप्सीत गाठीतून काढलेल्या तुकड्याची जनुक तपासणी आधी हवी. तुकडा अपुरा पडला तर रक्तातूनही तपासता येते, पण रक्तात बदल दिसला नाही म्हणून तो नाहीच असे समजू नका. पुन्हा बायोप्सी करावी लागते. रिपोर्टची वाट न पाहता घाईने इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणारे औषध) दिली आणि लगेच ही गोळी सुरू केली, तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. गाठ लहान, एकाच जागी असेल तर शस्त्रक्रियाच पहिली. गोळीच्या भरवशावर ती टाळू नका.