वाचनाच्या अर्ध्या तासात मी प्रश्न का विचारत नाही

नमस्कार सर, तुमची कमेंट दोन दिवस डोक्यात घोळत होती म्हणून उत्तराला उशीर झाला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की दुपारचा मोकळ्या वाचनाचा अर्धा तास म्हणजे टाइमपास, निम्मी पोरं नुसती चित्रं बघतात, पाचवीतल्या पोराला दुसरीचा उतारा धड येत नाही तिथे हौसेचं वाचन हे शहरी फॅड, आणि नंतर एकही प्रश्न विचारायचा नाही तर कोणी काय वाचलं हे बाईंना कळणार कसं. तुम्ही 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, त्यामुळे हे वरवरचं बोलणं नाही हे मला कळतंय.

एक आधीच मान्य करते. ज्या मुलाचं जोडाक्षराला अडतं त्याच्या हातात नुसतं पुस्तक देऊन काही होत नाही, त्याला शिकवावंच लागतं, आणि ते मी सकाळच्या तासाला रोज करते. दुपारचा अर्धा तास त्याच्या बदली नाहीये. सकाळी जे शिकलं ते कशासाठी शिकलो हे कळायला तो आहे.

आता चित्रांचं. आमच्याकडे चौथीत एक मुलगा होता, खाडीकाठचा, उतारा वाचायला दिला की मान खाली. जून ते ऑगस्ट त्याने खरंच फक्त चित्रं बघितली, तेव्हा तुम्ही आला असतात तर तुम्हाला तुमचंच म्हणणं खरं वाटलं असतं. एक दिवस तो पुस्तक घेऊन माझ्याकडे आला, म्हणाला, "बाई, ह्यां चित्र चुकलां. वारो एकाच बाजून येता ना, मगे शीड हकडे फुगलां नि बावटो तकडे कसो?" मी बघितलं तर खरंच, शीड उजवीकडे फुगलेलं आणि डोलकाठीवरचा झेंडा डावीकडे फडकतोय. हे मला आयुष्यात दिसलं नसतं. मग गोष्टीत वाऱ्याबद्दल काय लिहिलंय ते बघायला तो खाली बसला आणि बोट ठेवून ठेवून पानभर मजकूर वाचला, मध्ये दोनदा मला शब्द विचारला. पहिल्या दिवशीच मी त्याला 'चित्रं बघू नको, वाच' म्हटलं असतं तर तो त्या पानापर्यंत पोचलाच नसता, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

प्रश्नांबद्दल थोडं माझं सांगते. मी ज्या शाळेत शिकले तिथे आधीच्या पुस्तकाचा सारांश आणि तात्पर्य लिहून दाखवल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही, मग आम्ही सगळ्या मुली कपाटातलं सगळ्यात पातळ पुस्तक शोधायचो आणि सातवीनंतर मी पुस्तक मागणंच सोडलं. पुन्हा वाचायला लागले ती डीएडला गेल्यावर. एवढी वर्षं गेली त्याचं मला आजही वाईट वाटतं आणि माझ्या वर्गातल्या कुणाची तशी जाऊ नयेत एवढंच मला हवंय. 15 ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जयंतीला, 2015 पासून आपण वाचन प्रेरणा दिन करतो तो चांगलाच आहे, पण त्या दिवशीसुद्धा पोरं पुस्तक हातात घेऊन फोटोला उभी राहतात, फोटो ग्रुपवर गेला की पुस्तकं परत कपाटात.

याने मार्क वाढतात का, असंही तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ब्रिटनमध्ये 1970 साली जन्मलेल्या मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा केलाय, त्यातल्या सुमारे 6,000 जणांची माहिती तपासून लंडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं की 10 ते 16 वर्षं या वयात आवडीने वाचणाऱ्यांची प्रगती शब्दसंपत्ती आणि स्पेलिंगमध्ये जास्त झाली आणि गणितातही झाली. मुळात हुशार पोरंच वाचतात म्हणून असं दिसलं असेल ही शंका मलाही आली होती, पण त्यांनी आधीच्या वयातल्या परीक्षांचे गुण धरून तुलना केली होती. आणि शहरी फॅड म्हणाल तर रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं आहे, दर्पण काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे!

पुस्तकं हरवतील ही भीती मात्र खरी आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. स्टॉक रजिस्टरला एक पुस्तक कमी आलं तर भरून शिक्षकाने द्यायचं, मग कुलूप लागणारच, शिक्षकाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे वर पावसाची ओल, चार महिने बंद कपाटात पुस्तकं राहिली की बुरशी नाहीतर वाळवी, म्हणजे कुलपात ठेवूनही ती जातातच. ग्रंथालयशास्त्रातले जाणकार रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच हा की पुस्तकं वापरासाठी आहेत. आम्ही वर्गात भिंतीला सुंभ बांधलाय आणि त्यावर पुस्तकं उघडी करून अडकवलीत, हवा लागते आणि पोरांचा हात पोचतो. दोन वर्षांत नऊ गेली, चार परत आली. नवीन कमी पडलं की बालभारतीच्या किशोरचे जुने अंक, मासिक 1971 पासूनचं आहे आणि ते अंक ऑनलाइन फुकट मिळतात, त्यातलं मी मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवते.

आणि कळतं कसं म्हणाल तर कोण कुठल्या पानावर हसतंय, कोण तेच पुस्तक चौथ्यांदा घेतंय, कोण शेजारच्याला ढोसून काहीतरी दाखवतंय यावरून कळतं, फक्त ते वहीत उतरवता येत नाही.

सर, एकदा याच. मधल्या सुट्टीनंतर लगेचचा अर्धा तास असतो. पोरांना काय वाचलंस ते मात्र विचारू नका, सुंभावरचं एखादं पुस्तक काढा आणि त्यांच्या शेजारी बसा, मी पण त्या वेळी माझं वाचत बसलेली असते.