सुवर्ण ठरलेलं नाही!

आशियाई स्पर्धेतलं कबड्डीचं सुवर्ण म्हणजे आपलंच, हा लेखातला सूर पटला नाही. १९९० ते २०१४ पुरुषांनी एकही सुवर्ण सोडलं नाही, मान्य. पण २०१८ला जकार्त्यात इराणने उपांत्य फेरीत २७-१८ असं हरवलं. महिलांची अंतिम लढतही इराणनेच २७-२४ जिंकली, आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! त्यांचा उल्लेख हवाच होता. पुढच्या स्पर्धेत, चीनमधल्या हांगझोऊत, दोन्ही सुवर्णं परत आली, तरी महिला चायनीज तैपेईविरुद्ध २६-२५ अशा एकाच गुणाने तरल्या. पुरुषांची इराणविरुद्धची अंतिम लढत तर २८-२८ असताना लॉबीच्या (मैदानाच्या कडेच्या पट्ट्यांच्या) नियमावरून बराच वेळ थांबली होती. इराणी बचावपटूंची पकड बसली की भल्याभल्या चढाईपटूंचा हात मध्यरेषेला पोचत नाही. संघाच्या सराव शिबिरात आधी त्यावर घाम गाळा.