शोकाच्या घरात वचनं जरा जपून

शोकाच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या ‘देवाची इच्छा होती’ म्हणायचं आता आपण थांबवू या. मी ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे, देवाच्या सार्वभौमत्वावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि तरीही हे म्हणतोय. ऐन उमेदीतला मुलगा अपघातात गेलेला असतो. आई भिंतीला पाठ टेकून बसलेली असते. येणारा प्रत्येक विश्वासू माणूस तिच्या ओंजळीत बायबलमधलं एकेक वचन टाकतो आणि मोकळा होतो. हो, मोकळा होतो. बहुतेक वेळा ती वचनं आपण स्वतःसाठीच म्हणत असतो, कारण तिथली शांतता आपल्यालाच सोसत नाही.

सगळ्यात जास्त वापरलं जातं ते रोमकरांस पत्र 8:28, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे. वचन खरंच आहे, माझ्याही आयुष्याचा आधार आहे. पण त्याच अध्यायात जरा वर, पत्र लिहिणारा प्रेषित पौल काय म्हणतो ते कोणी वाचत नाही. सृष्टी कण्हते आहे, आपणही कण्हतो आहोत, प्रार्थना कशी करावी हेसुद्धा आपल्याला कळत नाही, आणि पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. तीनदा कण्हणं आल्यावर कुठे ते कल्याण येतं. आपण मधली वचनं गाळतो आणि थेट 28वर उडी मारतो. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्या काळातल्या संदेष्ट्यांवर आणि याजकांवर हाच आरोप ठेवला होता: लोकांची जखम वरवर बरी करतात आणि ‘शांती, शांती’ म्हणतात, शांती नसताना.

बायबलमधल्या ईयोबाने मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलं. त्याच्या मित्रांना आपण उगाच फार शिव्या घालतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे खबर कळताच आपापल्या गावाहून आले. त्याला लांबून पाहिलं तर ओळखू येईना, तेव्हा मोठ्याने रडले, कपडे फाडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्दही बोलले नाहीत. आपल्यापैकी किती जण सात दिवस सोडा, सात मिनिटं गप्प बसतात? (यात पाळक मंडळी आघाडीवर. आम्हाला बोलायचंच शिक्षण मिळालेलं असतं.) बिघडलं ते आठव्या दिवशी, तोंड उघडल्यावर. आणि गंमत बघा, त्यांची भाषणं सुटी काढली तर कुठल्याही रविवारी संदेश म्हणून खपतील. देव न्यायी आहे, पापाला शिक्षा आहे, पश्चात्ताप कर, सगळं पूर्ववत होईल. चूक काय आहे त्यात? तरी पुस्तकाच्या शेवटी देव अलीफजाला सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. आणि ईयोब काय बोलला होता? जन्मदिवसाला शाप दिला होता, देवाला जाब विचारला होता, समोरासमोर खटला चालवू म्हणाला होता. देवाची वकिली करणाऱ्यांवर देव रागावला आणि देवाशी भांडणाऱ्याची बाजू त्याने घेतली. हा अध्याय मला दर वेळी हादरवतो.

आता आपल्या उपासनेकडे या. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांत विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. ‘हे परमेश्वरा, किती काळ?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आपल्या रविवारच्या गाण्यांत तो कितीदा येतो? विजय, आनंद, टाळ्या, पुन्हा विजय. साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, पुढे कोण येतं? ज्याला नोकरी लागली तो, जिची गाठ साधी निघाली ती. जिची गाठ साधी निघाली नाही ती शेवटच्या बाकावर बसलेली असते आणि आशीर्वचन व्हायच्या आत निघून जाते. तिच्यासाठी आपल्याकडे गाणं नाही, प्रार्थना नाही, वेळही नाही. काही दिवसांनी ती यायची बंद होते आणि आपण म्हणतो, विश्वासात थंड झाली.

विलापगीत या बायबलच्या पुस्तकातलं 3:22-23 मात्र आपल्याला पाठ असतं. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे वचन फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं. ते पाच अध्यायांच्या बरोबर मध्यभागी आहे, आणि त्याच्या आजूबाजूला जळलेलं यरुशलेम, उपाशी मुलं आणि ओस पडलेले रस्ते आहेत. पुस्तक संपतं ते, तू आम्हाला अगदीच टाकून दिलं आहेस काय, अशा सुरावर. यहुदी सभास्थानात हे पुस्तक वाचताना शेवटच्या वचनानंतर त्याच्या आधीचं वचन पुन्हा म्हणतात, म्हणजे वाचन तिथेच थांबू नये. इतकं ते झोंबतं. पण पुस्तकातून ते वचन कोणी काढून टाकलं नाही.

दुसरी एक गोष्ट, हिच्यावर मी जरा चिडूनच लिहिणार आहे. आजारी माणसाला ‘तुमचा विश्वास कमी पडला’ म्हणणं. हे बोलणारे लोक पौलाच्या पत्रांची शेवटची पानं बहुधा वाचत नाहीत, कारण तिथे नुसती नावं आणि निरोप असतात. 2 तीमथ्य 4:20 काढून बघा. ‘त्रफिम आजारी पडला, त्याला मी मिलेतात ठेवून आलो.’ संपलं. ज्या पौलाच्या हातून रोगी बरे झाले तो आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढे गेला आणि त्याचं कुठलंही स्पष्टीकरण त्याने दिलं नाही. त्रफिमाचा विश्वास कमी होता असं नाही लिहिलं. आपला तरुण सहकारी तीमथ्य, त्याला तर पौलाने पोटाच्या दुखण्यासाठी आणि वारंवार होणाऱ्या आजारांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, म्हणजे त्या काळातला औषधोपचारच. त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा राहिला. आणि त्याच्या बरोबर फिरणाऱ्या लूकला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, तेव्हा औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास हे शिक्षण कुठून आलं ते मला कोणी दाखवून द्यावं. प्रार्थना करा, तेल लावा, उपास करा, मी तुमच्याबरोबर करीन. पण गोळ्या बंद करायला सांगू नका. डिप्रेशनच्या तर मुळीच नाही.

डिप्रेशनचं नाव काढलंच आहे तर पाळकांबद्दलही बोलतो. चार्ल्स स्पर्जन यांना आपण ‘उपदेशकांचा राजा’ म्हणतो. 19 ऑक्टोबर 1856 रोजी लंडनच्या सरे गार्डन्समधल्या सभागृहात ते हजारो लोकांपुढे उपदेश करत असताना कोणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली. चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. स्पर्जन तेव्हा 22 वर्षांचे होते. त्या रात्रीची छाया त्यांच्यावर जन्मभर राहिली, नैराश्याचे झटके येत राहिले, आणि ही गोष्ट त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांपासून लपवली नाही. आज एखाद्या पाळकाने व्यासपीठावरून सांगितलं की या महिन्यात मला प्रार्थना करणं जमत नाही, तर पुढच्या कमिटीच्या बैठकीत त्याचं काय होईल हे मला माहीत आहे, तुम्हालाही. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवल्यावर संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवाने त्याला खडसावलं नाही. आधी झोपू दिलं, दूताच्या हातून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न खूप नंतर, होरेब डोंगराला पोहोचल्यावर आला.

‘मग पाळकसाहेब, शोकाच्या घरी जाऊन बोलायचं तरी काय?’ असं परवा एका तरुणाने विचारलं. प्रश्न योग्य आहे. माझं म्हणणं एवढंच की बोलणं शेवटी ठेवा. बसा. रडू आलं तर रडा, मेलेला मित्र लाजर काही वेळातच उठणार हे ठाऊक असूनही येशू रडला. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, लोक नाव घ्यायचं टाळतात आणि घरच्यांना तेच जास्त लागतं. भांडी घासा, पाणी भरा, मृत्यूच्या दाखल्यासाठी कोणाला तरी रांगेत उभं राहावं लागणार आहे, तुम्ही राहा. आणि पहिल्या आठवड्यात गर्दी असते, तेव्हा नाही गेलात तरी चालेल. चौथ्या महिन्यात जा, तेव्हा कोणीच नसतं. घरच्यांनी विचारलं की देवाने असं का केलं, तर ‘मला माहीत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं समजू नका, एवढं येशूने बजावलं. बुरूज त्यांच्यावरच का पडला ते त्यानेही सांगितलं नाही.

पुनरुत्थानाची आशा सांगायचीच नाही का? सांगायची. त्यासाठीच तर मी सेवेत आहे. पण येशूच्या मरणाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्यामध्ये एक अख्खा शनिवार आहे, आणि शुभवर्तमानं त्या दिवसाबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाहीत. कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं त्या शनिवारात राहतात. त्यांना ओढून रविवारात आणण्याचं काम माझं नाही, ते ज्याचं आहे तो करील. मी त्यांच्याबरोबर शनिवारात बसू शकतो.

येत्या रविवारी आपल्या उपासनेत स्तोत्र 88 वाचणार आहोत, पूर्ण, शेवटच्या ‘अंधार’ या शब्दापर्यंत, आणि त्यानंतर लगेच कुठलंही आनंदाचं गाणं घेणार नाही. वाद्यवृंदाला तसं सांगून ठेवलं आहे, मंडळीतल्या दोघा वडिलांची (ज्येष्ठ पुढाऱ्यांची) थोडी नाराजी आहे, ती चालेल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर फोन करावा, मनापासून बोलू. फक्त सोमवारी नको, सोमवारी माझी सुट्टी असते आणि त्या दिवशी फोन बायकोकडे असतो.