त्या टापा झाकू नका

आज दुपारी यूट्यूबवर 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' लावला. १९३३ चा, हॉलिवूडच्या जॉन वेनचा काउबॉयपट. दहा मिनिटांत बंद केला. कुणीतरी त्यावर सिंथेसायझर चढवलाय! घोडा जिवाच्या आकांतानं दौडतोय आणि टापाच ऐकू येत नाहीत. कुणी सांगितलं होतं हे करायला?

अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर पडद्याकडे बघायची बंदी होती. मी लॅपटॉपवर हेच जुने वेस्टर्न लावायचो, ते पलंगावर पडून ऐकायचे. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण आजोबांचा मिरजेत टांगा होता, अप्पांचं लहानपण घोड्यापाशी गेलेलं. मध्येच म्हणायचे, "आता दगडावर आला बघ." मी बघायचो. आलेला असायचा.

मोनोग्राम कंपनीनं 'लोन स्टार'च्या नावाखाली १९३३ ते ३५ मध्ये वेनला घेऊन असे सोळा सिनेमे काढले. तासाभराचे, काही दिवसांत उरकलेले. १९३० चा 'द बिग ट्रेल' आपटला होता, म्हणून वेन इथे राबत होता. गोष्टी त्याच त्या, गाणं वेनच्या तोंडी आणि आवाज दुसऱ्याचाच. बरं, मान्य. पण पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे खोगिराची करकर, धाप, माती, सगळं उघडं. हे भिकारपण नाही हो. बोलपट नुकताच बोलायला लागला होता, आणि ही माणसं त्याला उघड्या माळावर घेऊन गेली होती!

आणि स्टंटमन यकिमा कनट. ठोसा न लागता बसल्यासारखा दिसावा म्हणून कॅमेरा कुठे ठेवायचा, हे वेन आणि तो याच सिनेमांत घोटत होते. पुढे १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांच्या मधून खाली पडून गाडीखालून जाणारा माणूस तोच. अप्पा धप्प आवाज आला की विचारायचे, "पडला तो उठला का?" हिरोचं त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या काळी तारा बांधून घोडे पाडत. ते वाईटच. अप्पांना मी ते सांगितलं नाही.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. कुणाकडे संगीत न चढवलेली प्रत असेल तर कळवा. मला ती डोळे मिटून ऐकायचीय.