हिरवी-काळी वायर जोडली, पंखा फिरला, म्हणून एसएमपीएस चांगला?

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज हमखास फिरून येतो. वर मथळा, 'लॅमिंग्टन रोडवाले (म्हणजे मुंबईतल्या कॉम्प्युटर-बाजारातले दुकानदार) तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत', खाली हात जोडलेले तीन इमोजी, आणि मध्ये डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, स्वस्तात आणि खात्रीचा कसा निवडावा याचे आठ मंत्र. या खेपेला तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला आणि खाली मला विचारलं, "ताई, बरोबर आहे ना हे?" लालबागला एका छोट्या गाळ्यात मी कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम करते, सोळा वर्षं झाली. मी नुसतं "नाही" लिहिलं. काकांना ते लागलं. तेव्हा सविस्तरच लिहिते.

मेसेजातलं पहिलंच वाक्य: "डब्यावर ५०० वॉट लिहिलेत म्हणजे ५०० वॉट मिळतात. महागाच्या मागे लागू नका."

मागच्या महिन्यात कॉलेजातला एक मुलगा आख्खं मशीन टॅक्सीत घालून घेऊन आला. गेम सुरू केला की दहा मिनिटांत फट्कन बंद. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, बाजूला ठसठशीत ५००. मी तो काढला, उलटा केला आणि त्यालाच स्टिकर वाचायला लावला. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे १२ व्होल्टच्या लाइनवर १९२ वॉट, बस. उरलेला हिशोब ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींवर दाखवलेला, आणि तरीही बेरीज ५०० पर्यंत जात नव्हती. एके काळी प्रोसेसर ५ व्होल्टवरून वीज घ्यायचे, तेव्हा त्या लाइनींना किंमत होती. आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच पोसले जातात. या मुलाचं कार्ड आरटीएक्स ३०६०, ते एकटंच १७० वॉट मागणारं. प्रोसेसरला काय उरलं? बरा ५५० वॉटचा सप्लाय घेतलात तर त्याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास दिसेल, म्हणजे ५४० वॉट. दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी ही एकच तपासणी आहे आणि तिला कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही. स्टिकरवर तो तक्ताच नसेल तर डबा परत काउंटरवर ठेवा. आता, स्टिकरही खोटा असू शकतो, असतोही. पण जो स्टिकरवरच १९२ कबूल करतोय, त्याच्यावर ५०० चा भरवसा का टाकायचा?

फुकटचा एसएमपीएस सरसकट टाकाऊ असं मात्र मी म्हणणार नाही. टॅली आणि ईमेलपुरतं मशीन, वेगळं कार्ड नाही, तर ते जेमतेम ६०-७० वॉट ओढतं. तिथे तो वर्षानुवर्षं निघतो. "आमच्या ऑफिसात दहा वर्षं चालतोय" म्हणणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी त्याच्याकडे कधी काही मागितलेलंच नसतं.

दुसरा मंत्र पहिल्याच्या बरोबर उलटा, तरी दोन्ही एकाच मेसेजात सुखानं नांदतात: "जास्त वॉटचा घेतला तर लाइट बिल वाढतं." गच्चीवरची टाकी मोठी बसवली म्हणून कुणी दोन बादल्या जास्त आंघोळ करतं का? मशीन मागेल तेवढंच सप्लाय देतो. बिलात फरक पडतो तो कार्यक्षमतेचा, आणि तोही किती ते पाहा. समजा मशीन २५० वॉट मागतंय, रोज चार तास. ८० टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय भिंतीतून ३१२ वॉट ओढेल, ९० टक्क्यांचा २७८. महिन्याला चार युनिटांच्या थोडा वर फरक. युनिटला १० रुपये धरा, चाळीसेक रुपये झाले. बेस्टचं बिल येवो की अदानीचं, एवढ्यानं कुणी बुडत नाही आणि कुणी श्रीमंतही होत नाही. तेव्हा "गोल्ड घ्या, वर्षात पैसे वसूल" म्हणणारा विक्रेताही (गोल्ड हा कार्यक्षमतेचा बिल्ला, पुढे येतोच) तितकाच फेकतोय.

मग घ्यायचा किती वॉटचा? आरटीएक्स ४०६० चं कार्ड ११५ वॉटचं, रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर जोर लावून ८८ पर्यंत जातो, बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून पन्नास धरा. अडीचशे झाले. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉट सुचवते. कार्ड क्षणभरासाठी ठरलेल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं, तेव्हा हा ऐसपैसपणा उपयोगी पडतो. पण हजार वॉटचा घेऊन करायचंय काय?

"हातात घेऊन पाहा, जड तो चांगला." हे आमच्याच धंद्यातल्या जुन्या लोकांचं वाक्य आहे आणि एके काळी त्यात दम होता. मोठा ट्रान्सफॉर्मर, जाड हीटसिंक, भरपूर तांबं यांना वजन असतंच. पण लोखंडी चोकलाही, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यालाही, वजन असतं, आणि आतल्या नव्या रचना कमी उष्णता सोडत असल्यामुळे चांगले सप्लायही हलके झालेत. खूपच हलका लागला तर संशय घ्या, इथपर्यंत ठीक. तराजूवर निवडायला ती सुरमई नाही. आणि आत काय आहे ते बघायला घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ बसून असतात.

आता बिल्ला. "८० प्लस गोल्ड असला की डोळे झाकून घ्या." हा समज इतका पक्का आहे की बिलावर कंपनीचं नाव नसलं तरी चालतं, 'गोल्ड' पाहिजे. हा बिल्ला २००४ पासूनचा कार्यक्रम आहे आणि तो एकाच गोष्टीची साक्ष देतो, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पुढे पोहोचली याची. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत २० टक्के भाराला ८७, निम्म्या भाराला ९०, पूर्ण भाराला ८७ टक्के मिळाले की गोल्ड. चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३३ अंश असते, कॅबिनेटच्या आत त्याहून बरंच जास्त. शॉर्ट झाला तर सप्लाय स्वतःला बंद करतो का, व्होल्टेज चढलं तर आवरतो का, पाच वर्षांनी कपॅसिटर टिकलेले असतील का, यातलं काहीही हा बिल्ला सांगत नाही. २०२१ मध्ये गिगाबाइटचे जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम हे दोन सप्लाय परीक्षकांच्या टेबलावर ओव्हरलोडच्या चाचणीत फटाक्यासारखे फुटले. दोन्हीवर गोल्ड होतं. जादा भाराला बंद होण्याची मर्यादा कंपनीनं मग १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० वर आणली आणि ठरावीक सीरियल नंबरचे सप्लाय बदलून द्यायची तयारी दाखवली.

कपॅसिटरचं गणित मला फार आवडतं, म्हणून जरा थांबते. त्याच्यावर लिहिलेलं असतं, १०५ अंश, २००० तास. दर १० अंश उतरले की आयुष्य साधारण दुप्पट. म्हणजे तो ६५ अंशांवर चालला तर चार वेळा दुप्पट, ३२,००० तास. तेच स्वस्तातला ८५ अंशांचा, तितक्याच तासांचा असेल तर त्याच ६५ अंशांवर दोनदाच दुप्पट, ८००० तास. रोज आठ तास मशीन चालवणाऱ्यासाठी हा फरक अकरा वर्षं आणि पावणेतीन वर्षं असा पडतो. डब्यावर हे कुठेच छापत नाहीत. म्हणून मी ब्रँड विचारत नाही, मॉडेल विचारते. नाव एकाचं आणि बनवणारा दुसराच, हे या धंद्यात नेहमीचं आहे. कॉर्सेअरच्या आरएम मालिकेतले बरेच सप्लाय सीडब्ल्यूटी नावाच्या दुसऱ्याच कंपनीच्या कारखान्यातले, सीझॉनिक स्वतःचे बनवते आणि इतरांनाही बनवून देते. एकाच ब्रँडची एक मालिका उत्तम आणि दुसरी जेमतेम, असं सर्रास असतं. नेमक्या त्या मॉडेलची, लोड लावून केलेली चाचणी वाचा. वॉरंटी तीन वर्षांची आहे की दहा, ते बघा. "बिल पाहिजे का?" असं विचारलं तर हो म्हणा, आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

"यूपीएस किंवा स्टॅबिलायझर लावला की कुठलाही एसएमपीएस चालतो." मुंबईत वीज जाते कमी, पण पावसाळ्यात डोळा मारते. पंखा मंदावतो, ट्यूब लपलपते आणि सगळं पूर्ववत. तेवढ्या वेळात यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो. ती फट सप्लायनं आपल्या पोटातल्या साठ्यावर काढायची असते. चांगला सप्लाय पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. स्वस्तातल्याचा मोठा कपॅसिटर पैसे वाचवायला छोटा घातलेला असतो, तो आधीच मान टाकतो. मग गिऱ्हाईक तणतणत येतं, "यूपीएस असून मशीन रिस्टार्ट होतं, यूपीएस बदलून द्या." यूपीएस बिचारा निर्दोष. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी आख्ख्या मुंबईची वीज गेली, सगळे घरून काम करत होते, त्यानंतरच्या आठवड्यात मी असे पाच यूपीएस तपासले. चार ठणठणीत होते. आणि स्टॅबिलायझर? तो भिंतीतलं व्होल्टेज सांभाळतो. सप्लायच्या पोटातून बाहेर पडणारा कचरा, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, त्याच्या हद्दीत येतच नाही.

सहावा मंत्र आपल्या चाळींतून निघालेला असावा. "कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर एसएमपीएस लिकेज आहे, ताबडतोब बदला." गिरगाव, परळ, लालबाग, जुन्या वायरिंगच्या खोल्यांत हे रोजचं. होतं असं की सप्लायच्या तोंडाशी फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. गोंगाट त्यांनी अर्थमध्ये सोडायचा. अर्थच नसला तर बॉडी दोघांच्या मध्ये लटकते, २३० च्या निम्म्यावर. मीटर लावला तर शंभर-एकशेदहा दिसतात, टेस्टर पेटतो. करंट अगदी नगण्य, पण कोपराच्या आतल्या कातडीला बरोबर कळतो. गंमत अशी की हे कपॅसिटर ज्यानं वाचवले, तो स्वस्तातला सप्लाय चिमटा काढत नाही. चांगला काढतो! लोक चांगला टाकून वाईट घेतात आणि "आता बरं झालं" म्हणतात. बदलायचा तो सॉकेट. थ्री पिनची मोठी पिन उडवून टू पिनमध्ये खुपसली असेल तर आधी ते थांबवा, आणि मग वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. "न्यूट्रलच अर्थला जोडून देतो, एकच आहे" म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा. कुठे न्यूट्रल तुटला की आख्खी बॉडी फेजवर येते.

आता माझ्या मथळ्यातली चाचणी, मेसेजातला सातवा मंत्र: "हिरवी आणि कुठलीही काळी वायर पेपरक्लिपनं जोडा, पंखा फिरला तर एसएमपीएस उत्तम." हिरवी वायर म्हणजे स्विच. तो दाबला आणि सप्लाय जागा झाला, एवढंच यातून कळतं. भार शून्य. रिक्षा सुरू झाली म्हणजे ती तिघांना घेऊन घाट चढेल असं नाही. बरं, मीटर लावला तर? १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये असावी, तीही बहुतेक दिसते. माझ्याकडे सेकंडहँड ऑसिलोस्कोप आहे, व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं हलतं ते पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र. त्या कॉलेजातल्या मुलाच्या सप्लायवर भार टाकला तेव्हा मीटर म्हणत होता १२.०८, आणि स्कोपवर करवतीच्या दातांसारखी रेघ, टोकापासून टोकापर्यंत ३४० मिलिव्होल्ट. नियमाप्रमाणे १२० च्या वर जाता कामा नये. मीटर सरासरी दाखवतो, दात त्याला दिसतच नाहीत. स्कोप नसलेल्यानं उगाच क्लिपा खुपसण्यापेक्षा ओळखीच्या कुणाचा चांगला सप्लाय एका संध्याकाळपुरता लावून बघावा. (काही सप्लायचा पंखा कमी भाराला मुद्दामच बंद असतो, त्यामुळे पंखा फिरला नाही म्हणून रद्दीत घालायची घाईही नको.)

शेवटच्या मंत्रावर मला हसू येत नाही. "जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल जपून ठेवा, नव्याला लागतात." २०१९ ला मी नेमकं हेच केलं. घरचंच मशीन, भाच्याचं. नवा मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणारा, सप्लाय बसवला, पण डिस्कची जुनी केबल कॅबिनेटच्या मागून छान ओवलेली होती, ती काढायचा कंटाळा केला. सप्लायच्या बाजूचा कनेक्टर टक्कन बसला, अगदी मापात. बटण दाबलं, बारीक 'टिक्' आणि जळक्या वासाची एक रेघ. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही, वेगळी. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले. डिस्कमध्ये भाच्याच्या मुंजीचे फोटो होते. बॅकअप होता, पण अर्धाच. ताईची, म्हणजे त्याच्या आईची, आजही त्यावरून बोलणी बसतात.

तेव्हापासून गाळ्यात प्रत्येक सप्लायच्या केबल त्याच्याच खोक्यात जातात, खोक्यावर मार्करनं मॉडेल. बिनखोक्याच्या केबल भंगारवाल्याला. काकांकडे तसल्या केबलींची एक पिशवी आहे, मी पाहिलीय. रविवारी जाऊन घेऊन येणार आहे.