दोन बारुदींची सरासरी निघत नाही

सोयाबीन निघालं, तूर शेंगेवर आली की आमच्या उमरेड-भिवापूरकडे जागल सुरू होते. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रात्रीतून अर्धा एकर झोपवतात, त्यामुळे माळ्यावर बसलेला माणूस काहीही ऐकायला तयार असतो. यंदा माळ्यामाळ्यावर एक आवाजी निरोप फिरतोय. त्यात सांगितलंय की काळी बारूद महाग झाली, मिळतही नाही. तेव्हा जुन्या काडतुसांतली बिनधुराची बारूद काढायची, काळीत अर्धीअर्धी मिसळायची आणि भरमारीत, म्हणजे तोंडाकडून भरायच्या बंदुकीत, ठासायची. काडतुसं घरीच भरणाऱ्यांनाही सल्ला आहे: दोन डब्यांत थोडी थोडी उरली असेल तर एकात ओता. "बारूद तं बारूदच असते भाऊ. तेज आन् मंद मिसळली का मधातली होते."

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. वडिलांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची भरमार होती, तिची नळी गरम पाण्यानं धुवायचं काम लहानपणी माझंच होतं. म्हणून हा निरोप मी दोनदा ऐकला, आणि दोन्ही वेळा पोटात गोळा आला.

"बारूद तं बारूदच." इथूनच गाडी धुऱ्यावरून खाली उतरते. काळी बारूद म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. बिनधुराची बारूद म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. ते होतं कापसाच्या सेल्युलोजपासून, म्हणजे एका अर्थानं आपल्याच वावरातलं. पोल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञानं १८८४ मध्ये ती वापरण्याजोगी केली. काळी जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. धूर तोच, आणि मी नळीतून धुऊन काढायचो ती काजळीही तीच. बिनधुराची जवळजवळ सगळीच वायू होते. म्हणजे तेवढ्याच वजनातून वायू कितीतरी जास्त, आणि नळी मात्र आजोबांच्या काळातलीच.

बिनधुराच्या पोटातही जाती आहेत. पिस्तूल आणि छऱ्यांच्या काडतुसांतली झटकन जळते, रायफलची दमानं. अमेरिकी मानकात छऱ्यांच्या १२ बोअरच्या साध्या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, .३०-०६ रायफलची ६०,०००. दोन्ही काडतुसांत भुरकट दाणेच दिसतात. डोळ्यांनी ओळखायला गेलात तर फसलात.

आता मुख्य दावा: मिसळली की ताकद मधली येते. ऐकायला इतका सरळ की शाळेतलं पोरगंही मान डोलावेल. गरम पाण्यात थंड पाणी घातलं की कोमट होतं, तसंच हे, असं वाटतं. पण पाण्याला दाबाचं काही पडलेलं नसतं, बारुदीला असतं. काळी बारूद किती वेगानं जळते यावर भोवतालच्या दाबाचा फरक थोडाच पडतो. बिनधुरीचं तसं नाही. दाब वाढला की तिच्या जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की वायू भराभर होतो, त्यानं दाब आणखी चढतो. बनवणारे दाण्याचा आकार, जाडी आणि वरचा लेप नेमका ठरवतात, कारण छर्रा किंवा गोळी पुढे सरकून जागा मोकळी करेपर्यंत हा चक्राकार खेळ आटोक्यात ठेवायचा असतो. सगळं काही हजारांश सेकंदांत.

यात तेज आणि मंद एकत्र घातली की काय होतं? तेज आधी पेटते आणि दाब चढवते. मंद बारूद ज्या दाबासाठी बनवली, त्याच्या कितीतरी वरच्या दाबात ती सापडते आणि मग मंद राहतच नाही. चुलीत पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) आणि बाभळीचं खोड एकत्र लावा. पऱ्हाट्या भडकतात, खोड आपल्या चालीनं जळत राहतं, कारण चूल उघडी आहे. बंद नळीत खोडही पऱ्हाटी होतं. म्हणून दोघींच्या मधला आकडा कागदावर निघतो, नळीत निघत नाही. तो कुठे जाईल हे दाब मोजायचं यंत्र लावल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

समजा नशिबानं एक बार नीट गेला. दुसराही तसाच जाईल? दोन्हींचे दाणे लहानमोठे, हलकेजड. डबा दुचाकीच्या डिक्कीत घालून वावरात नेला की रस्त्यातल्या खड्ड्यांनीच ते वेगळे होतात, बारीक खाली आणि मोठे वर. सुपात पाखडताना बाई हेच मुद्दाम करते. मग वरच्या मापात एक बारूद, तळच्या मापात दुसरी. "टोपणानं मोजून घाला" हा निरोपातला उपाय त्यामुळे आणखी वाईट, कारण टोपण जागा मोजतं, जोर मोजत नाही.

"कंपन्याही मिसळतात." हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच लोकांना पटतं. कारखान्यात एकाच प्रकारच्या बारुदीच्या वेगवेगळ्या घाण्यांमध्ये किंचित फरक पडतो, तो काढायला त्या घाण्या आपसात मिसळतात. मग चाचणीच्या नळीत दाब आणि वेग मोजतात, आणि बसलं तरच डबा बाहेर जातो. वेगळ्या जातींचे उरलेले दाणे एका टोपल्यात ओतणं आणि हे, दोन्हींत शब्द तेवढा सारखा. बारूद बनवणारी आयुध निर्माणी आपल्याच भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आहे. तिथे प्रशिक्षण आहे, नियमावली आहे. तरी २४ जानेवारी २०२५ ला स्फोटात कामगार गेले.

"आमच्या बुढ्यानं चाळीस वर्षं केलं." त्या बुढ्यानं काळीच वापरली असणार, मिसळलेली नव्हे, निदान मी विचारलं त्या घरांत तरी तसंच निघालं. आणि ज्यांची नळी फाटली ते माळ्यावर बसून निरोप पाठवत नाहीत.

उरलेल्या डब्यांबद्दल निरोपात एक ओळ आहे, तिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते: "जुनी असली तरी चालते." नायट्रोसेल्युलोज साठवणीतच हळूहळू विघटतं. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड ते विघटन आणखी ढकलतात. डायफिनाइलअमिनसारखा स्थिरक घालून हे रोखून धरतात, पण स्थिरक संपतो आणि उष्णतेनं लवकर संपतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाखालच्या खोलीत काय होत असेल ते तुम्हीच हात लावून पाहा. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात १९०७ मध्ये 'इएना' आणि १९११ मध्ये 'लिबर्ते' ही लढाऊ जहाजं फुटली, त्यांचा ठपका अशाच बिघडलेल्या बारुदीवर आला. जुनी बारूद ताज्या डब्यात ओतणं म्हणजे सडका कांदा चांगल्या चाळीत टाकणं. आंबूस, नाकाला झोंबणारा वास किंवा तांबूस वाफ दिसली तर डब्याशी खेळत बसू नका, पोलिसांना कळवा.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ पीकसंरक्षणाच्या भरमारीला वेगळं ओळखतो, त्यामुळे परवाना मिळतो. त्याच कायद्याचं कलम ५ परवान्याविना दारूगोळा बनवायला मनाई करतं. काडतूस घरी भरून पाहू म्हणणाऱ्यानं ते आधी वाचावं. स्फोटकांच्या नियमनाचं देशभरचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकांनी हाच निरोप ऐकवून विचारलं, "मंग मास्तर, डुकराचं काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बारुदीत नाही. वनविभागाकडे नुकसानीचा अर्ज, सौर कुंपण, आणि बंदूक वापरायचीच तर रीतसर परवानगी घेऊन, काळ्या बारुदीच्या भरमारीत फक्त काळी. काका म्हणाले, अर्जाचे पैसे यायला डुक्कर म्हातारं होते. त्यावर मी काही बोललो नाही. पण संध्याकाळी त्यांनी कोठ्यातून खताच्या थैलीखालचा डबा मला दाखवला. झाकणाखाली काळे खडबडीत आणि भुरे चकचकीत दाणे एकत्र होते. टोपण अजून आतच होतं.