खुलासा: ग्रीन कार्ड म्हणजे मताधिकार नव्हे

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: अमेरिकेत इमिग्रेशन वकीलच मतदार नोंदणीला मदत करतात, तेव्हा ग्रीन कार्डवाल्या (तिथे कायम राहण्याचा परवाना असलेल्या, पण नागरिक नसलेल्या) मुलांनी बिनधास्त नाव नोंदवावं; आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं कार्ड) असेल तर बडोद्यातही मत देता येतं. दोन्ही चूक.

वकील अशा कामात उतरतात हे खरं, पण ही नोंदणी नागरिकत्वाची शपथ घेतलेल्यांची. ग्रीन कार्डवाल्याने अमेरिकेच्या अध्यक्षाच्या किंवा काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीत मत देणं १९९६च्या कायद्याने गुन्हा आहे. वर्षभरापर्यंत कैद, वर हद्दपारीची टांगती तलवार. घोटाळा बहुधा ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर होतो. त्याच अर्जात मतदार नोंदणीचा प्रश्न असतो, आणि घाईत ‘नागरिक आहे’ यावर खूण होते. मत न देताही ती खूण भोवू शकते. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या मोजक्या गावांत स्थानिक निवडणुकीपुरती मुभा आहे, तेवढीच.

ओसीआयवाल्यांना भारतात मत नाही. परदेशी राहणाऱ्याचं नागरिकत्व भारतीयच असेल, तर पासपोर्टवरच्या इथल्या पत्त्यावर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ए भरता येतो. मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं. या फॉर्मला वकील लागत नाही. कुणी फी मागितली तर सरळ नकार द्या.